विचारून की विसरून

दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या माणसाचं स्वतःच्या कानांबद्दल जरा जास्तच चांगलं मत असतं. कानवाल्यांचं तर होतंच.

त्यांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढे काउंटर आणि खुर्च्या, मागे काचेची खोली. त्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला आणि दार फ्रिजसारखं घट्ट बसणारं. आत गेलं की रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ, सगळं एकदम गप्प. एखाद्या आजोबांना हेडफोन घालून आत बसवायचं, 'शिटी ऐकू आली की बटण दाबा' असं सांगायचं, आणि शिटी नसतानाही आजोबा मोठ्या आत्मविश्वासाने बटण दाबत राहिले की न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे त्यांचं रोजचं काम. सगळा बाजार त्यांना कानवालेच म्हणायचा. खरं नाव फक्त वीजबिलावर होतं.

रविवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की ती खोली दुसऱ्याच कामाला लागायची. तिथे वायरमनची गाणी वाजायची.

वायरमन हा त्यांच्या पिढीचा रॉकवाला. तरुणपणी तो खरोखरच घरोघर वायरिंग करत हिंडायचा. मग हातात गिटार आली आणि पक्कड सुटली. आवाज असा, की वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी कपाट ओढतंय. पण शब्द असे लिहायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याला आपल्या घरातलं कोणी सांगितलं? कॅसेटच्या काळात पोरापोरींनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे त्याने गाणं बंद केलं, मुलाखती बंद केल्या, आणि मुलगा-सुनेकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला राहू लागला. त्याच्या चाहत्यांची मात्र पांगापांग झाली नाही. निदान कानवाल्यांच्या दुकानात तरी नाही.

त्या वर्षी वायरमन सत्तरीचा झाला. तेव्हा हेडबाईंनी ठरवलं की प्रत्येकाने आपलं एकच, सगळ्यात आवडतं गाणं आणायचं, वाजवायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ठरवलं की ते ठरलं.

"आणि पाल्हाळ नको," त्या म्हणाल्या. "मुद्द्याचं बोला आणि बसा."

सुरुवात त्यांनी स्वतःच केली. त्यांचं गाणं होतं 'सायरन', वायरमनच्या गाण्यांतलं सगळ्यात धसमुसळं. त्यात शब्द थोडे आणि आरडाओरडा फार. शाळेत असताना दर निकालाच्या आदल्या दिवशी आपण स्वयंपाकघराचं दार लावून या गाण्यावर नाचायचो, असं त्यांनी अगदी सूचना वाचून दाखवावी तशा आवाजात सांगितलं. कुणाची हसायची हिंमत झाली नाही.

नंतर मेव्हणा उठला. हा कानवाल्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, विजेच्या सामानाच्या दुकानात विक्रेता. त्याने मोबाइल पुढे केला आणि त्यातून पंख्याची जाहिरात वाजली. वायरमनने उमेदवारीच्या दिवसांत एका पंख्याच्या कंपनीसाठी चार ओळी केल्या होत्या, त्या.

"हे गाणं नाही," हेडबाई म्हणाल्या.

"पण मला हेच आवडतं, बाई. वारा लागल्यासारखं वाटतं."

"बस खाली."

मग कानवाल्यांची पाळी आली. ते गेला आठवडाभर आरशासमोर तयारी करत होते. त्यांचं गाणं होतं 'वळण'. काचेच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर त्यांनी ते लावलं आणि सगळे दाटीवाटीने आत उभे राहिले. वायरमनचं कपाट ओढलं जाऊ लागलं.

*भिंतीला टेकून उभी असायची,*
*माझीच वाट बघायची,*
*वळणावरून गेली ती...*

आणि मग ती ओळ. तिच्या बरोबर मध्यावर ड्रमरने थाळीवर असा काही दणका घातला होता की खोलीतली काच थरथरली.

कानवाल्यांनी गाणं थांबवलं. त्यांचा आवाज आधीच ओला झाला होता. "तुम्हाला सांगतो, मी कान तपासायचं शिकत होतो आणि ही औषधांचं शिकत होती." त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. बायको दाराशी टेकून चहाचे कप धरून उभी होती. "वर्षभर आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटायचो. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एके दिवशी वॉकमनची एक बाजू हिच्या कानात, एक माझ्या कानात. हे गाणं लागलं. आणि वायरमनने जणू माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणाला, आता तिला विचारून टाक. मी तिथल्या तिथे विचारलं. आज आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ती या एका ओळीमुळे."

खोलीत शांतता पसरली. कानवाल्यांना वाटलं, लोक गहिवरले.

"विसरून," क्लच म्हणाला.

क्लच हा त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून आयुष्यभर 'क्लच, क्लच' ओरडल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं. लग्न केलं नव्हतं.

"काय विसरून?" कानवाल्यांनी विचारलं.

"ओळ तशी आहे. आता तिला विसरून टाक. ती निघून गेली ना वळणावरून? मग विचारणार कुणाला?"

"थांबली असती कोपऱ्यावर. धावत जाऊन विचारायचं."

"अरे, दुःखाचं गाणं आहे ते."

"दुःखाचं कसं? हुरूप येतो ऐकून."

हेडबाईंनी हात वर केला. "'विसरून टाक' हे भाषेला धरून नाही. विसरून 'जा' म्हणतात. तेव्हा 'विचारून' असणं जास्त संभवतं."

कानवाल्यांनी क्लचकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण क्लच हटेना. त्याचा चेहरा वेगळाच झाला होता. "मला ते 'विसरून'च पाहिजे," तो म्हणाला. "टेलिफोन ऑफिसात एक मुलगी होती. काउंटरवर बसायची. मी उगाचच फोन लावायला जायचो, कुणाला ते सुचायचं नाही म्हणून हवामानखात्याला लावायचो. विचारावं म्हणून अगदी निघालो होतो, तेवढ्यात पानाच्या ठेल्यावर हे गाणं लागलं. विसरून टाक. मी तसाच मागे फिरलो आणि अवजड वाहनाचा परवाना काढायला गेलो. आता तू सांगतोस की ओळ दुसरीच आहे?"

गाणं पुन्हा लावलं. हेडफोनवर लावलं. हळू लावलं. कानवाल्यांच्या मशीनवर नको ते आवाज गाळता येत, तेही करून पाहिलं. थाळीचा दणका काही गळेना. कानवाल्यांना स्वच्छ 'विचारून' ऐकू येई, क्लचला लख्ख 'विसरून', आणि मेव्हण्याला एकदा 'विंचरून' ऐकू आलं, तेव्हा त्याला बाहेर खुर्चीवर बसवण्यात आलं.

"तूच सांग," कानवाल्यांनी शेवटी बायकोला म्हटलं. "तुझ्या कानात होती ना दुसरी बाजू?"

बायकोने कप खाली ठेवले. "विसरून," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून तसंच ऐकू येतं."

कानवाले स्पंजच्या भिंतीला टेकले. "आणि इतकी वर्षं तू बोलली नाहीस?"

"तू दर लग्नाच्या वाढदिवसाला एवढ्या कौतुकाने सांगायचास. कुठे मध्ये बोलू?"

त्यानंतरचा आठवडा कानवाल्यांनी फुगून काढला. जेवताना ते ताटाकडे बघून जेवले. दुपारी गिऱ्हाईक नसताना स्वतःच काचेच्या खोलीत जाऊन बसले, हेडफोन घातला आणि स्वतःची तपासणी केली. कान ठणठणीत निघाले. म्हणजे खोट दुसरीकडेच कुठेतरी होती. या विचाराने ते आणखीच खचले. त्या दिवशी एका आजींनी शिटी नसताना बटण दाबलं, तर ते गहिवरून म्हणाले, "दाबा, आजी. तुम्हाला येतंय ना ऐकू, मग दाबा."

मार्ग हेडबाईंनी काढला. वायरमनची सून त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. त्यांनी फोन केला आणि म्हटलं, एका शब्दाचा प्रश्न आहे, सासऱ्यांना फोन दे.

"बाई, देऊन उपयोग नाही," सून म्हणाली. "बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही. समोर बसूनही येत नाही. आम्ही भाजी म्हणावं तर ते चावी आणून देतात. कान तपासायला चला म्हटलं की म्हणतात, लोकच हल्ली पुटपुटायला लागलेत."

"आमच्याकडे कानाचंच दुकान आहे."

"म्हणूनच ते येणार नाहीत. तुमच्याकडे काही बिघडलंय का? विजेचं? त्याला मात्र ते कुठेही येतील."

हेडबाईंनी उभ्या आयुष्यात खोटं बोलणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दुकानात कुठेतरी गुणगुण येते. सारखी. वायरिंगमधून."

वायरमन पुढच्याच रविवारी हजर. कॅसेटच्या कव्हरवरचे खांद्यापर्यंतचे केस आता कानांवरून मफलरसारखे पांढरे उतरले होते, खिशात टेस्टर होता आणि मागे सून. कानवाले तयार केलेलं स्वागताचं वाक्य विसरूनच गेले. क्लच नुसताच उभा राहून रुमालाने हात पुसत होता. हेडबाई उगाचच लाजल्या, आणि ते दृश्य पाहून मेव्हणा जास्त हबकला.

"कुठे आहे गुणगुण?" वायरमनने विचारलं. बोलण्याचा आवाजही कपाटाचाच होता.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मेव्हण्याने बोट वर केलं. "तिकडून येते. आत्तासुद्धा येतेय."

वायरमनने मान तिरकी केली. "मला नाही येत ऐकू."

"नाही?" हेडबाई म्हणाल्या. "चांगली मोठी आहे की."

"डोकं उठतं," क्लच म्हणाला.

कानवाल्यांच्या बायकोने तर कानावर हातच ठेवले. वायरमन स्टुलावर चढला, स्विचबोर्डला कान लावला, उतरला, पंख्याखाली उभा राहिला, पुन्हा चढला. त्याच्या चेहऱ्यावरचा रुबाब हळूहळू ओसरत गेला. कानवाल्यांना पाहवेना. ते खरं सांगायला तोंड उघडणार, तोच बायकोने त्यांचा पाय दाबला.

"पूर्वी मला खांबाखालून जाताना कळायचं, कुठली तार सैल आहे ते," वायरमन स्टुलावर बसत म्हणाला. "तुम्ही सगळे ऐकताय आणि मला नाही. म्हणजे कानच गेले म्हणायचे माझे."

मग तो स्वतःहून काचेच्या खोलीकडे वळला. "ही कसली खोली?"

त्याने शिटी नसताना एकदाही बटण दाबलं नाही. शिटी असतानाही फारसं दाबलं नाही. कानवाल्यांनी दोन्ही कानांत ऐकायची मशीनं बसवली, बारीकसारीक जुळवाजुळव केली, आणि इस्त्रीवाल्याचा रेडिओ आत यावा म्हणून दार उघडलं. वायरमन दचकला. सून त्याच्या मागे नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बाबा, येतंय का ऐकू?" त्याने वळून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू बोलतेस की व्यवस्थित," तो म्हणाला. "मला वाटायचं, रागावलीयेस म्हणून ओठातल्या ओठात बोलतेस."

सुनेने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला.

आता विचारायला हवं होतं. कानवाल्यांनी काही न बोलता 'वळण' लावलं. वायरमनने डोळे मिटून ऐकलं. थाळीचा दणका आला आणि गेला.

"गिटार सुरातून उतरलीये," तो म्हणाला. "आणि त्या ड्रमरला मी तेव्हाच सांगितलं होतं, शब्दावर मारू नकोस."

"शब्द कोणता आहे?" कानवाले आणि क्लच एकदमच म्हणाले.

"विसरून. आता तिला विसरून टाक."

"व्याकरणाच्या दृष्टीने विसरून जा..." हेडबाईंनी सुरुवात केली.

"'जा' तालात बसत नव्हतं, बाई."

कानवाल्यांनी मान खाली घातली. क्लचने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. तो वायरमनसमोर खुर्ची ओढून बसला आणि आयुष्यभर मनात घोळवलेला प्रश्न त्याने हळूच विचारला. "कोण होती ती? भिंतीला टेकून तुमची वाट बघायची ती?"

"सायकल," वायरमन म्हणाला.

क्लचने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"हिरवी होती. कामावर गेलो की त्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवायचो. एकदा बाहेर आलो तर एक जण तिच्यावर बसून वळणावरून जात होता. महिनाभर अन्न गोड लागलं नाही मला. मित्र म्हणाला, आता तिला विसर. म्हणून मग गाणं केलं."

क्लचचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याच्या पोटातून एक बारीक आवाज निघाला. कानवाल्यांना वाटलं, गडी रडतोय. पण तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, हेडबाईंनी त्याच्या पाठीवर चापट्या मारल्या, त्याही हसू लागल्या, आणि काय झालं ते न समजलेला वायरमनही मशीन सावरत हसू लागला.

"सायकलपायी," क्लच डोळे पुसत म्हणाला, "सायकलपायी मी अवजड वाहन शिकलो." मग जरा दम घेऊन म्हणाला, "मध्यंतरी ती आली होती माझ्याकडे. गाडी शिकायला. टेलिफोन ऑफिसवाली. मला ओळखलंही नाही. पहिल्याच दिवशी माझी गाडी दूध केंद्रात घातली आणि वर मलाच म्हणाली, तुम्ही मध्ये मध्ये बोलता. तेव्हा मनात आलं होतं, वायरमनने वाचवलं."

"मग इतका वेळ भांडत का होतास?" कानवाल्यांनी विचारलं.

"तुझी ओळ खरी निघाली असती, तर मला पुन्हा पहिल्यापासून वाईट वाटून घ्यावं लागलं असतं. या वयात कुठे जमतंय?"

निघता निघता वायरमनने एकदा पुन्हा स्विचबोर्ड उघडला. आता ऐकू येत होतं, तरी गुणगुण सापडेना, पण मागची एक तार काळी पडलेली दिसली. ती त्याने तोडून नवीन जोडली आणि कानवाल्यांना चांगलं फैलावर घेतलं. "गुणगुणीचं सोडा, एक दिवस दुकान पेटलं असतं. कान तपासता, जरा डोळेही वापरत जा."

ज्या माणसाची गाणी तोंडपाठ होती त्याच्याकडून बोलणी खाताना कानवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मध्येच दोनदा 'हो सर' म्हटलं.

क्लच वायरमनला आणि सुनेला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून सोडायला गेला. हेडबाई आणि मेव्हणा आपापल्या वाटेने निघाले. दुकानात नवराबायको दोघंच उरली. बायको कप विसळत होती, कानवाले हेडफोनची वायर गुंडाळत होते, आणि एकच वायर ते बराच वेळ गुंडाळत राहिले.

"म्हणजे त्या दिवशी पायऱ्यांवर," ते शेवटी म्हणाले, "तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तू मला सोडतोयस. तोंडाने सांगता येत नाही म्हणून गाण्यातून कळवतोयस. मला रडू यायच्या बेतात होतं. आणि तेवढ्यात तू म्हणालास, लग्न करशील का."

"मग?"

"मग काय? उद्या सांगते म्हटलं. घरी जाऊन ताईला सांगितलं सगळं. ताई म्हणाली, हा मुलगा कानाचं शिकतोय ना? मी म्हटलं, हो. ती इतकी हसली की आईला वाटलं, हिला काही झालं." बायकोने कप उपडा ठेवला. "मला मात्र बरं वाटलं होतं. म्हटलं, गाणं काहीही म्हणो, हा विचारतोय ना."

कानवाल्यांनी वायर खाली ठेवली. आठवड्याभराचा फुगा कुठून फुटला ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी फडकं घेतलं आणि कप पुसायला लागले. बायकोने आणखी एक विसळलेला कप त्यांच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात वायरमन मशीनची बॅटरी बदलायला आला, तो क्लचच्या गाडीतून. आणि चालवायच्या बाजूला बसून. सायकल गेल्यापासून तो पायीच हिंडत होता, दुसरं काही चालवायला शिकलाच नव्हता. त्या दिवशी घरी सोडताना क्लचने सहज विचारलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. सुनेचा विरोध होता, पण आता तो ऐकू येत असूनही तिचं ऐकत नव्हता.

कानवाले आणि त्यांची बायको दारात येऊन उभे राहिले. गाडी इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर तीन आचके देऊन बंद पडली. मागे हॉर्नची रांग लागली. खिडकीच्या काचा खाली होत्या, त्यामुळे आतलं सगळं रस्त्यावर ऐकू येत होतं.

"क्लच," कानवाल्यांचा मित्र आपल्या लाडक्या गाणाऱ्यावर मुळीच भीडभाड न ठेवता ओरडत होता. "क्लच म्हणतोय मी, क्लच. कानात मशीन घातलंय ना?"

"ओरडू नकोस," वायरमन म्हणाला. "मला येतंय ऐकू."

आणि गाडी पुन्हा आचका देऊन बंद पडली.